एकगठ्ठा मतांची अमेरिका

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



इथले राजकारण बोलणे आमच्या सरकारी नोकरीत बसत नाही. म्हणून व्याख्यानासाठी आम्ही थेट अमेरिका गाठली! बेळगावातल्या कितीतरी घरांतली मुले आज तिकडे आहेत. तिथली निवडणूक आली की आपल्या कट्ट्यावरही एक प्रश्न हमखास निघतो : जास्त मते मिळवणारा हरतो कसा? २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून अधिक मते जास्त पडली, तरी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प झाले.

याचे कारण असे, की तिथे प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक निर्वाचक असतात. एकूण ५३८, ज्याच्याकडे २७०, तो अध्यक्ष. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली तर जो थोडक्या मतांनी का होईना पुढे राहील, त्याच्या पदरात राज्याचे सगळे निर्वाचक पडतात. म्हणजे मते किती यापेक्षा मते कुठे, याला मोल जास्त.

आता प्रांतनिष्ठा पाहू. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेची राज्ये हरली. लिंकन रिपब्लिकन, म्हणून दक्षिणेतले गोरे पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला मते देत राहिले. १९६४ मध्ये टेक्सासच्याच लिंडन जॉन्सन या डेमोक्रॅटिक अध्यक्षांनी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षी दक्षिणेतली पाच राज्ये रिपब्लिकन उमेदवाराकडे गेली. उलट, एकेकाळी लिंकनच्या पक्षाशी एकनिष्ठ असलेला कृष्णवर्णीय समाज रूझवेल्टच्या काळापासून दुसरीकडे वळत होता, तो आता पुरताच डेमोक्रॅटिक झाला. शंभर वर्षांची निष्ठासुद्धा बदलते, फक्त तसे कारण मोठे लागते.

एकगठ्ठा मतांचा हिशेब समजून घ्यायचा तर मिशिगन राज्य पाहावे. डेट्रॉईट म्हणजे मोटारींचे शहर. मोटार कामगारांची मोठी संघटना १९३५ मध्ये इथेच जन्मली. एका बाजूला ही युनियन, दुसऱ्या बाजूला कृष्णवर्णीयांची चर्चेस. रविवारची प्रार्थना आटोपली की बसमध्ये बसवून मतदानाला नेणारी चर्चेस त्या देशात आहेत. हे राज्य आपलेच, असे डेमोक्रॅटिक पक्षाने धरून चालले होते. २०१६ मध्ये युनियनचे पुढारी क्लिंटन यांच्या बाजूने उभे राहिले, पण बरेच कामगार ट्रम्प यांच्याकडे गेले. डेट्रॉईट ज्या वेन काउंटीत येते, तिथे क्लिंटन यांना २०१२ च्या ओबामांपेक्षा ७५ हजारांहून अधिक मते कमी पडली. ट्रम्प यांनी मिशिगन जिंकले ते जेमतेम १०,७०४ मतांनी! गृहीत धरलेला मतदार दर वेळी विरोधात जातोच असे नाही. कधी तो नुसता घरी बसतो, आणि तेवढ्याने राज्य जाते.

याच डेट्रॉईटला लागून डिअरबॉर्न आहे. तिथे अरब वंशाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. गाझातील युद्धावरून नाराज झालेल्या मतदारांनी फेब्रुवारी २०२४ च्या पक्षांतर्गत मतदानात ‘कोणालाही नाही’ अशा अर्थाची एक लाखाहून अधिक मते मिशिगनमध्ये टाकली. हा उघड इशारा होता. नोव्हेंबरमध्ये डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पुढे राहिले. मिशिगनमधला एकूण फरक सुमारे ८० हजारांचा होता, त्यामुळे सगळे श्रेय या एका गावाला देता येत नाही. पण चार वर्षांपूर्वी बायडेन यांना भरभरून मते देणारे गाव फिरले, हे खरे.

आणि मंडळी, याच डेट्रॉईटमधून आपले बेळगावकर निवडून आले! चिक्कोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. २०२२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत नऊ उमेदवार होते. ठाणेदारांनी पदरचा पैसाही भरपूर लावला होता. पण मुख्य गोष्ट अशी, की कृष्णवर्णीयांची मते त्यांच्या अनेक उमेदवारांत विभागली गेली आणि सुमारे २८ टक्के मतांवर ठाणेदार जिंकले. जवळजवळ सात दशकांत प्रथमच डेट्रॉईटचा कृष्णवर्णीय प्रतिनिधी अमेरिकन काँग्रेसमध्ये उरला नाही. आपल्याला त्याचा अभिमान वाटला. तिथल्या कित्येक वस्त्यांना हळहळ वाटली असेल. दोन्ही भावना खऱ्या आहेत.

मग मतांच्या गठ्ठ्याचे बळ कशात? आम्हाला तीन गोष्टी दिसतात. माणसे मोक्याच्या ठिकाणी असली पाहिजेत, ती मतदानाला बाहेर पडली पाहिजेत, आणि पक्षाला त्यांच्याविषयी थोडी धास्ती वाटली पाहिजे. ‘हे कुठे जाणार आहेत!’ असे ज्यांच्याबद्दल म्हटले जाते, त्यांच्या दारात कुणी फिरकत नाही. आणि आपसांत फुटलेल्यांच्या संख्येला अर्थ उरत नाही.

निवडणुकीच्या ड्युटीवर आम्ही मतदारयाद्या हाताळतो. मत कुणाला द्यावे, हे आम्ही कधीच सांगणार नाही. पण यादीत आपले नाव आहे का, ते घरी गेल्यावर जरूर पाहा. नाव नसेल, तर बाकी सारी चर्चा व्यर्थ.

गणपती बाप्पा मोरया!