निकालाची टक्केवारी आणि मागे पडलेली शाळा



नवी मुंबई हे शासनाने आखून वसविलेले शहर आहे. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी या शहरासाठी निश्चित झाल्या. त्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात पाच शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळीबारात प्राण दिले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व शासनाला मान्य करावे लागले. परंतु भूखंड एका पिढीला मिळतो. शेत आणि खाडी दोन्ही गमावलेल्या कुटुंबाच्या पुढच्या पिढीला उरते ते शिक्षणच. दिघ्याच्या वस्त्यांतील कंत्राटी कामगाराला, तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर ओझे वाहणाऱ्या माथाडीलाही हेच लागू आहे. त्यांच्या मुलांची माध्यमिक शाळा दुबळी निघाली, तर दुसरी शाळा विकत घेण्याची ऐपत त्यांच्यापाशी नसते.

ही मुले नेमकी कोठे गळतात? 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंत संरक्षण देतो. महापालिकेच्या कायद्यानेही प्राथमिक शिक्षण बंधनकारक मानले आहे, माध्यमिक शिक्षण मात्र ऐच्छिक. म्हणजे ज्या वर्षी बीजगणित कठीण होते, घरातून कमाईची अपेक्षा सुरू होते आणि मुलीच्या लग्नाची कुजबुज होऊ लागते, नेमक्या त्याच वर्षी कायद्याचा हात सुटतो.

यावर ठराविक उत्तर दिले जाते, की दहावीचा निकाल तर उत्तम लागतो. 2025 साली राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला. पण या आकड्यांचे अंतरंग 2019 सालीच उघडे पडले आहे. त्या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील अंतर्गत गुण काढून टाकले गेले आणि आदल्या वर्षीचा 89.41 टक्क्यांचा निकाल 77.10 टक्क्यांवर घसरला. अंतर्गत गुण परत आले आणि 2020 साली निकाल 95.30 टक्क्यांवर चढला. दोन वर्षांत मुले आधी मंद आणि मग एकाएकी बुद्धिमान झाली, असे कोणी म्हणणार आहे काय? बदलली होती ती मोजपट्टी.

शिवाय ही मोजपट्टी परीक्षेला बसलेल्यांनाच मोजते. नववीत दोनदा अडविलेला, किंवा ‘सतरा नंबरचा फॉर्म भर आणि बाहेरून बस’ असा सल्ला मिळालेला मुलगा शाळेच्या नियमित निकालातून वजा होतो. टक्केवारीवरच शाळेची प्रतिष्ठा ठरत असेल, तर कच्च्या मुलाला शिकविण्यापेक्षा त्याला बाहेर काढणे सोपे, हा मोह व्यवस्थेनेच निर्माण केला आहे. त्याचा दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

आता शासनाच्या मदतीची दिशा पाहावी. 2001 सालानंतर नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. ‘कायम’ हा शब्द 2009 साली वगळला गेला, पण अनुदानाचा पहिला वीस टक्क्यांचा टप्पा येण्यास 2016 साल उजाडले. मधल्या काळात शिक्षक अर्धपोटी शिकवीत राहिले. 2012 पासून शिक्षक भरतीवर निर्बंध आले आणि शिक्षकांची पदे पटसंख्येच्या गणिताला बांधलेली राहिली. पट घटला की शिक्षक जातो, शिक्षक गेला की पालक मूल काढून घेतात, आणि पट आणखी घटतो. दुबळ्या शाळेला या रहाटगाडग्यातून स्वतःच्या बळावर सुटता येत नाही. दुसऱ्या बाजूला ‘सुंदर शाळा’ स्पर्धा आणि निवडक आदर्श शाळांच्या योजना येतात. बक्षिसाला विरोध नाही; पण पहिल्या आलेल्याला औषध आणि आजाऱ्याला शाबासकीची प्रतीक्षा, हे कसले आरोग्यशास्त्र?

उपाय अज्ञात नाहीत. 1966 साली कोठारी आयोगाने शेजारशाळेचा आणि शाळासमूहाचा विचार मांडला. जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. जवळच्या शाळांनी शिक्षक, प्रयोगशाळा व ग्रंथालय एकमेकांच्या उपयोगी आणावेत, हा त्यामागील हेतू. शाळा बंद करून मुलांना लांब पाठविणे हा त्याचा अर्थ नव्हे. लंडनमध्ये 2003 ते 2011 या काळात मागे पडलेल्या माध्यमिक शाळांना अनुभवी मार्गदर्शक देण्यात आले, यशस्वी शाळा त्यांच्याशी जोडण्यात आल्या आणि त्यासाठी शासनाने पैसा पुरविला. एकेकाळी देशाच्या सरासरीमागे असलेले ते शहर पुढे सरकले. त्याची इतर कारणेही अभ्यासक सांगतात. पण शाळेला लाज आणण्याऐवजी साथ देण्याची दिशा योग्य होती, याबद्दल फारसा वाद नाही.

नवी मुंबईत हे अधिक सुकर आहे. महापालिका 1992 पासून आहे आणि तिची आर्थिक कुवत अनेक शहरांहून बरी आहे. सिडकोकडून सवलतीच्या दरात भूखंड घेतलेल्या नामांकित संस्था याच शहरात आहेत. त्यांच्या प्रयोगशाळा संध्याकाळी शेजारच्या वस्तीतील मुलांसाठी उघडणे हा उपकार नसून लोकांच्या जमिनीचे ऋण फेडणे आहे.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. आठवीत दाखल झालेल्यांपैकी किती मुले दहावी उत्तीर्ण झाली, हा आकडा प्रत्येक शाळेने जाहीर करावा. जेथे गळती अधिक, तेथे गणित, विज्ञान व इंग्रजीचे कायम शिक्षक आधी नेमावेत, मग पटसंख्या काहीही असो. वेतनेतर अनुदान गरजेच्या प्रमाणात वाढवावे. आणि तीन वर्षे अशी साथ दिल्याशिवाय कोणत्याही शाळेवर नापास असा शिक्का मारू नये.

95 गावांनी या शहराला जमीन दिली, श्रमिकांनी घाम दिला. त्यांच्या मुलांची शाळा शेवटच्या रांगेत राहिली, तर हे शहर नियोजनबद्ध आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही उरणार नाही.