साउथॉल सेफ आहे का, आणि कोणासाठी?



नवीन आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न पगाराचा असतो, दुसरा खोलीचा, आणि तिसरा हमखास हाच : "तो एरिया सेफ आहे का?" ग्रुपवर कोणी "साउथॉलला खोली मिळतेय" असं लिहिलं की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, अजिबात जाऊ नकोस, तिकडे चाकू चालतात. दुसरा म्हणतो, मी सहा वर्षं राहतोय, रात्री अकराला चालत घरी येतो, काही होत नाही. मग कोणीतरी पोलिसांच्या वेबसाइटवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट टाकतं आणि वाद मिटला असं सगळे धरून चालतात.

तो नकाशा नीट वाचायला हवा. 2011 पासून तो सगळ्यांना खुला आहे. त्यावर गुन्ह्याची नेमकी जागा नसते. तक्रारदार ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येक गुन्हा जवळच्या एका ठरलेल्या बिंदूवर सरकवलेला असतो. त्यामुळे तुमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठा आकडा दिसला, तर त्यात पलीकडच्या सुपरमार्केटमधली उचलेगिरीही असू शकते. दंगामस्ती, गोंगाट याही तक्रारी त्याच नकाशावर असतात. म्हणून एकूण आकडा बघू नका. जबरी चोरी किती, घरफोडी किती, मारहाण किती, हे वेगवेगळं बघा, आणि एका महिन्याचं नको, वर्षभराचं बघा.

दर हजारी आकड्यातही गोम आहे. भागाकार तिथे राहणाऱ्या लोकसंख्येने करतात. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरचा दर नेहमी भयंकर दिसतो, कारण पाकीट मारलं जातं पर्यटकाचं आणि भागलं जातं रहिवाशांच्या संख्येने. साउथॉलच्या ब्रॉडवेवर शनिवार-रविवारी सोनं आणि साड्या घ्यायला कुठून कुठून माणसं येतात, तुम्ही बघताच. शिवाय तीन खोल्यांच्या घरात आठ जण राहत असतील, तर जनगणनेच्या फॉर्मवर आठही नावं येतातच असं नाही. आपली माणसं आकड्यात कमी आणि रस्त्यावर जास्त!

आता मुद्द्याचं. नकाशावर येतो तो फक्त पोलिसांनी नोंदलेला गुन्हा. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारच एक वेगळी पाहणी करतं, घरोघरच्या लोकांना विचारतं की वर्षभरात तुमच्यावर काय गुजरलं. निम्म्याहून जास्त गुन्हे पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत, हे त्या पाहणीतूनच दिसतं. आणि तीही वसतिगृहात किंवा मालकाने दिलेल्या सामाईक निवासात राहणाऱ्यांपर्यंत जात नाही.

म्हणजे आपल्यातल्या अनेकांवर होणारा गुन्हा दोन्हीकडून निसटतो. घरमालक कोर्टाच्या आदेशाशिवाय कुलूप बदलून सामान बाहेर टाकतो. बहुतेक भाडेकरूंच्या बाबतीत 1977 च्या कायद्याने हा गुन्हा आहे. पण नकाशावर त्याचा वेगळा वर्ग नाही, आणि चौकीत गेलात तर "हे तुमच्या आपसातलं दिवाणी प्रकरण आहे" असं ऐकायला मिळू शकतं. अशा वेळी कायद्याचं नाव घ्या आणि त्याच दिवशी कौन्सिलच्या हाउसिंग विभागाला कळवा. घर आणि नोकरी दोन्ही एकाच माणसाच्या हातात असली, की धमकी ठरलेली : "पोलिसांत गेलीस तर व्हिसा कॅन्सल."

ही भीती हवेतली नाही, म्हणून तिला हसू नका. व्हिसा रद्द करणं मालकाच्या हातात नसतं, ते होम ऑफिसचं काम. पण मालक स्पॉन्सरशिप काढून घेऊ शकतो, आणि मग साधारण साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा किंवा देश सोडा. 2022 मध्ये केअरच्या व्हिसावर आलेल्या कितीतरी जणी याच दोरीवर चालताहेत.

साउथॉलला ही गोष्ट नवी नाही. 4 जून 1976 ला अठरा वर्षांच्या गुरदीपसिंग छग्गरला गोऱ्या पोरांनी भोसकून मारलं. त्यानंतर तिथली पोरं रस्त्यावर आली आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. 23 एप्रिल 1979 ला नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध निदर्शनं झाली, त्यात ब्लेअर पीच हा शिक्षक डोक्यावर घाव बसून गेला. तो घाव बहुधा पोलिसाचाच होता, असा पोलिसांचा स्वतःचा अहवाल जाहीर व्हायला 2010 उजाडावं लागलं. त्याच 1979 साली साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही बायकांची संघटना उभी राहिली. रस्त्यावरच्या मारामारीबरोबरच घरातली मारहाणही गुन्हा आहे, हे त्यांनी स्वतःच्या समाजालाही ठणकावून सांगितलं. आपल्या मंडळांत आजही हे बोलायला जड जातं.

याच संघटनेने आणि लिबर्टीने डिसेंबर 2018 मध्ये सुपर-कम्प्लेंट केली : मार खाल्लेली बाई पोलिसांकडे येते आणि पोलिस तिचं नाव होम ऑफिसला कळवतात, हे थांबवा. दोन वर्षांनी तपासणी यंत्रणांनी ते मान्य केलं. घरगुती हिंसाचाराच्या बळीबद्दल नुसती व्हिसाची शंका असेल तर माहिती देणं ताबडतोब बंद करा, अशी शिफारस झाली. डिसेंबर 2021 मध्ये सरकारने मात्र अशी पक्की भिंत घालायला नकार दिला.

तेव्हा ज्यांचा व्हिसा चालू आहे त्यांनी बिनधास्त तक्रार करा. तक्रार केली म्हणून व्हिसा जात नाही. ज्यांच्या कागदांत घोळ आहे त्यांनी आधी इमिग्रेशनच्या अधिकृत सल्लागाराशी किंवा अशा संघटनेशी बोला, मग पाऊल टाका. नाव न सांगता माहिती द्यायची तर क्राइमस्टॉपर्स, 0800 555 111. ते पोलिस नाहीत, वेगळी संस्था आहे. रंगावरून, भाषेवरून कोणी त्रास दिला तर तो वर्णद्वेषी प्रकार आहे असं तुम्हाला वाटणं नोंदीसाठी पुरेसं आहे. स्टीफन लॉरेन्सच्या खुनाच्या चौकशीनंतर 1999 पासून ही व्याख्या आहे. बसमध्ये शेजारी बसलेल्याला तसं वाटलं, तरी चालतं.

इंग्रजी अडलं तर "मराठी इंटरप्रिटर" एवढे दोन शब्द बोला. समजून घेण्याचा आणि समजावून सांगण्याचा हक्क पीडितांच्या संहितेत पहिलाच आहे. मोबाइलवरून 999 लावला आणि बोलणं शक्य नसेल, तर सांगितल्यावर 55 दाबा. जीव धोक्यात नसेल तेव्हा 101. मिळालेला क्राइम रेफरन्स नंबर जपून ठेवा, आणि त्याचा फोटो गावाकडच्या कोणालातरी पाठवून ठेवा. फोनच हिसकावून घेतला तर नंबर तरी राहील.