फुटपाथवरच्या माणसांचा खटला

मंडळी, आपल्या गावचं कोणी ना कोणी मुंबईला असतंच. सगळ्यांना तिथं खोली मिळत नाही. कित्येक जण फुटपाथवर झोपडी घालून राहतात. काम जवळ पडतं ना!

सन १९८१. जुलै महिना, भर पाऊस. सरकारने ठरवले, ह्या झोपड्या पाडायच्या आणि माणसांना आपापल्या गावी धाडायचे. अहो, गावी काम असते तर ती मुंबईला कशाला आली असती? त्यांतला एक मजूर तर दुष्काळापायी तमिळनाडूतून आलेला.

ही माणसे सुप्रीम कोर्टात गेली. ओल्गा टेलिस या पत्रकार बाईही गेल्या. वकील होत्या इंदिरा जयसिंग. म्हणणे साधेच होते. झोपडी गेली की काम जाते, काम गेले की जगायचे कसे?

१० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, हे कोर्टाने मानले. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मानला नाही. आम्हांला हा निकाल अर्धाच वाटतो. तरी पावसाळ्यात कोणाला उठवायचे नाही, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबायचे, असे ठरले. नोटीस देऊन माणसाचे ऐकून घ्यावे, हेही सांगितले.

तेव्हा मुंबईच्या आपल्या माणसाला एवढे कळवा. नोटीस आली तर फेकू नकोस. आधी तारीख वाच.