सहलीला गेल्यावर कोठे जेवावे?



कामगार चळवळीतल्या माणसाने भाकरीवर बोलावे, हे रीतीला धरूनच आहे. पण त्याने सहलीतल्या भाकरीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे म्हणणे असे की, सहल हाही कामगाराचाच विषय आहे. फ्रान्समध्ये 1936 साली मोठे संप झाले. त्यानंतर तेथील कामगारांस वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली, आणि तोवर समुद्र न पाहिलेली कुटुंबे समुद्रकाठी जाऊ लागली. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्याने, वर्षाची हजेरी पुरी भरणाऱ्यास दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली. रजा मिळाली की माणूस घर सोडतो, आणि घर सोडले की दुपारी बारा वाजता पहिला प्रश्न उभा राहतो : जेवायचे कोठे?

हा प्रश्न खुलताबादेस परका नाही. एका अंगाला वेरूळची चौतीस लेणी आणि घृष्णेश्वर, दुसरीकडे म्हैसमाळ, शहराच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला, आणि गावात भद्रा मारुती व सूफी संतांचे दर्गे. येणाऱ्यास लेण्यांची माहिती देणारा वाटाड्या मिळतो. पोटाची वाट दाखवणारा मात्र मिळत नाही. मग तो बिचारा रंगीत पाटी पाहून कोठेतरी शिरतो, दिल्लीसही मिळेल आणि बंगळुरासही मिळेल अशी भाजी खातो, आणि मराठवाड्याची चव न घेताच परत जातो.

आम्ही संघटनेच्या कामानिमित्त पुष्कळ गावचे पाणी प्यालो आहोत. त्यावरून आम्ही तीन नियम बसवले आहेत.

पहिला नियम असा की, पदार्थ मागण्याआधी ऋतू विचारावा. पावसाळा सरला की या डोंगरांतली सीताफळे टोपल्यांतून रस्त्यावर येतात. ती तेथेच उभे राहून खावीत. थंडीत हुरडा आणि बाजरीची भाकरी. आता या उन्हाळ्यात कैरीचे पन्हे, ताक आणि कांदा. जो जानेवारीत आंबा मागतो आणि मे महिन्यात हुरडा, त्याला दोन्ही वेळा दाम जास्त पडतो आणि चव कमी मिळते. भाकरी तर नेहमी डोळ्यांदेखत थापलेलीच घ्यावी. तिच्याबरोबर पिठले, ठेचा आणि मिळाली तर येसराची आमटी असली म्हणजे मराठवाडा ताटात आला म्हणून समजावे. मांसाहार करणाऱ्याने नान-खलिया चुकवू नये. महंमद तुघलकाने 1327 साली दिल्लीहून राजधानी दौलताबादेस हलविली, तेव्हा फौजेबरोबर हा पदार्थ आला असे लोक सांगतात. ती कथा म्हणून ऐकावी. पण एवढे खरे की, एका मोठ्या देगीत शेकडोंचे जेवण शिजावे असाच हा पदार्थ आहे. म्हणून लहान हॉटेलात एका ताटापुरता तो मागण्यापेक्षा जेथे देग चढते तेथे गाठावा.

दुसरा नियम असा की, आत कोण बसले आहे ते पाहावे. रोज येणारा गिऱ्हाईक एकदा फसतो, दुसऱ्यांदा फसत नाही. बाजाराला आलेला शेतकरी, हमाल, शाळेतले मास्तर जेथे बसतात, तेथे डाळीत पाणी वाढवणे मालकास परवडत नाही. मात्र भाड्याच्या गाडीचा चालक जेथे नेईल तेथे डोळे झाकून जाऊ नये. काही हॉटेलांत चालकास फुकट जेवू घालतात. त्याचे पैसे प्रवाशाच्याच ताटातून निघतात. चालकाचा त्यात दोष नाही. त्याला पोटभर पगार असता तर दुसऱ्याच्या भुकेवर त्याला जेवावे लागले नसते.

आता तिसरा नियम. तो आम्ही सर्वांत मोठा मानतो. वाढणारा काय जेवतो आणि केव्हा जेवतो, हे विचारावे. जेथे स्वयंपाकी व वाढपी तेच अन्न वेळेवर, बसून खातात, तेथे निर्धास्त जेवावे. जेथे त्यांना चार वाजता कोपऱ्यात उभ्याने उरलेसुरले गिळावे लागते, तेथे गिऱ्हाइकासही आज ना उद्या उरलेसुरलेच मिळणार. आणि टेबल पुसणारा पोर चौदा वर्षांखालचा दिसला, तर उठून यावे. हॉटेलात व ढाब्यावर असे मूल नोकरीस ठेवण्यास 2006 पासून बंदी आहे. बंदी सरकारने केली, पाळावयाची आपण.

या खुलताबादेत पहिल्या निजामाची, आसफजाहाची, कबर आहे. तो 1748 साली वारला. त्याच्याविषयी एक आख्यायिका सांगतात की, एका संताने त्यास कुलचे खाऊ घातले; त्याने सात खाल्ले, आणि सात पिढ्या राज्य करशील असा आशीर्वाद मिळाला. पुढे निजामाच्या निशाणावरही कुलचा चढला. ते राज्य 1948 साली संपले. खाणारा इतिहासात गेला, खाऊ घालणारा आख्यायिकेत गेला. पण भट्टीपुढे बसून ते सात कुलचे कोणी भाजले, याची चौकशी आजवर कोणी केली नाही. आमची चौकशी तेथूनच सुरू होते.

आणि ती निष्फळ नाही. पुण्यात हमाल पंचायतीने, डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने, 1974 साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केले. हमालास स्वस्त व सकस जेवण मिळावे आणि ते रांधणाऱ्या बायांनाही रास्त मजुरी मिळावी, हा हेतू. मुंबईत गिरणगावच्या खोल्यांत कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले. सावकाराचे तोंड पाहणाऱ्या या बायांना बँकेचे कर्ज मिळू लागले. दोन्ही ठिकाणी खाणाराही सुखी झाला आणि रांधणारीही.

मग हे खुलताबादेत का होऊ नये? श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीस हजारो माणसे भद्रा मारुतीस पायी येतात. उरुसास निराळी गर्दी, आणि वेरूळचे पाहुणे तर बारा महिने. वाटेवर चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या बाया आज सुट्या सुट्या आहेत. जागा दुसऱ्याची, पीठ उधारीचे, आणि पाऊस आला की धंदा बंद. त्यांनी एकत्र यावे, पीठ-सरपण एकत्र घ्यावे, दर पाटीवर लिहावा, आणि नगरपालिकेकडे छपराची व नळाची मागणी करावी. अर्ज लिहिण्यास माणूस लागला तर आम्ही आहोत.

आपण श्रोत्यांनी एवढेच करावे : उद्या कोणी पाहुणा चौकात उभा राहून जेवणाचा पत्ता विचारील, तेव्हा त्यास रंगीत पाटीकडे बोट दाखवू नये. बरोबर चालत जाऊन त्या चुलीपर्यंत पोहोचवावे.