तो मुलगा कुठे गेला?

(अभ्यासवर्गात चित्रपट दाखवल्यानंतर केलेलं भाषण)



चित्रपट चालू असताना तुम्ही बरंच हसलात. मीही हसले. ताडमाड उंच टगलला शोभेल असा उंच मुलगा मिळतो, तेव्हा कोण हसणार नाही? पण शेवटच्या भागात सगळा हॉल चिडीचूप झाला. त्या शांततेबद्दलच मला बोलायचंय.

'व्हेअर द बॉईज आर', म्हणजे 'जिथे मुलगे असतात तिथे', हा एमजीएमचा चित्रपट १९६० च्या डिसेंबरात आला. मूळ कादंबरी ग्लेंडन स्वॉर्थाउट यांची. ते मिशिगनमधल्या विद्यापीठात इंग्रजी शिकवत. ईस्टरच्या सुमारास तिकडे कॉलेजांना सुट्टी असते आणि बर्फात गारठलेली पोरं फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या किनाऱ्यावर धाव घेतात. जात होतीच, पण या चित्रपटानंतर नुसता लोंढा लागला. १९८५ साली आकडा साडेतीन लाखांच्या घरात गेला आणि शेवटी गावानंच हात जोडले, बाबांनो, आता येऊ नका.

मुलींसाठी या सुट्टीचा अर्थ वेगळा होता. त्या काळी अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत मुलींच्या वसतिगृहाला रात्री ठरल्या वेळी कुलूप लागायचं. मुलांना तशी बंधनं नव्हती, असली तरी नावाला. म्हणजे त्या चौघी किनाऱ्यावर मुलगे शोधायला निघाल्या असं चित्रपटाचं नाव सांगतं, पण कुलपाबाहेरचे काही दिवस हीच त्यांची खरी कमाई होती.

आता वर्गातला प्रसंग आठवा. विषय आहे प्रियाराधन आणि विवाह. बाई पुस्तकातलं वाचून दाखवताहेत आणि मेरिट उठून विचारते, लग्नाआधी मुलीनं शरीरसंबंध ठेवायचे की नाहीत, हा खरा प्रश्न आहे, त्यावर बोला ना! तिला तडक डीनबाईंकडे पाठवतात. हे १९६० साल आहे हे ध्यानात घ्या. त्याच वर्षी अमेरिकन सरकारनं गर्भनिरोधक गोळीला मान्यता दिली होती. अविवाहित बाईला ही साधनं मिळवण्याचा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं देशभर मान्य केला तो थेट १९७२ मध्ये. तेव्हा मेरिट उद्धटपणा करत नव्हती. तिच्या पिढीपुढचा रोजचा प्रश्न तिनं मोठ्यानं विचारला, एवढंच. हॉलिवूडच्या एका हलक्याफुलक्या चित्रपटानं तो तिच्या तोंडी दिला, याचं श्रेय मी देते.

पण उत्तर कसं दिलं? मेरिट स्वतः त्या वाटेनं गेलेली नाही. तिचं बोलणं खरं मानते ती साधीभोळी मेलनी. येलचा म्हणवणारा एक मुलगा तिला भेटतो, ती त्याच्यावर विश्वास टाकते. एका रात्री ती मोटेलच्या खोलीत त्याची वाट पाहत असते. दार उघडतं आणि आत येतो त्याचा मित्र. इथे कॅमेरा आपलं तोंड फिरवतो. हॉलिवूडच्या तेव्हाच्या नियमावलीप्रमाणे बलात्कार फक्त सूचित करता येई, तेव्हा कॅमेऱ्याला दोष देत नाही. पुढे फाटक्या कपड्यांनिशी ती भर रस्त्यावर भेलकांडत जाते, मोटारीची धडक बसते आणि दवाखान्यात पोचते.

पलंगाशेजारी कोण आहे? मेरिट. अपराधी चेहऱ्यानं. आपल्या बोलण्यामुळे हे झालं, असं तिला वाटतं आणि चित्रपट ते वाटू देतो. म्हणजे दोष कुणाकुणात वाटला गेला बघा: थोडा मेलनीकडे, कारण ती त्या खोलीत गेली, थोडा मेरिटकडे, कारण ती वर्गात बोलली. आणि तो मुलगा? जिच्या नावातच 'मुलगे कुठे' आहे, त्या गोष्टीत नेमका हाच मुलगा कुठे गेला हे कुणीच विचारत नाही. ना मैत्रिणी, ना दवाखाना, ना पोलीस.

पोलिसांवरून आठवलं. सुरुवातीलाच पोलीस कप्तान आपल्या माणसांना बजावतो, की शक्यतो कुणाला अटक करू नका, ही आपलीच मुलं आहेत, उद्याचे नागरिक आहेत. आपण तिथे खदखदून हसलो होतो. शेवट पाहिल्यावर ते बोलणं परत आठवून बघा.

'आपलीच मुलं' म्हणजे तरी कोण? त्या किनाऱ्यावर तेव्हा काळ्या माणसाला पाय ठेवायची बंदी होती. ४ जुलै १९६१ ला, चित्रपट येऊन जेमतेम सहा महिने झाले असताना, युला जॉन्सन या कार्यकर्तीनं आणि डॉक्टर व्हॉन मिझेल यांनी काळ्या लोकांना घेऊन त्या पाण्यात पाऊल टाकलं. वाचताना मला चवदार तळंच दिसलं. नगरपालिका कोर्टात गेली आणि १९६२ साली हरली.

आता एक कबुली. हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी मुलींच्या एका वसतिगृहात रेक्टर होते. १९९६-९७ ची गोष्ट. दिवसभर कार्टून चालायची त्याच वाहिनीवर रात्री टीएनटी लागायचं, एमजीएमचे जुने चित्रपट असायचे. शनिवारी हॉलमध्ये मुलींबरोबर मीही बसायचे. मेलनी रस्त्यावर आली तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा! म्हणून सांगत असते, साडेसातच्या आत आत या." दोघीतिघी हसल्या. मागच्या रांगेतली एक मुलगी मात्र उठली आणि खोलीत निघून गेली. टर्म संपायच्या आत तिनं वसतिगृह सोडलं. घरून न्यायला भाऊ आला होता. कारण मी विचारलं नाही. काही नसेलही. पण तिला काही सांगायचं असतं, तर सांगण्याजोगी बाई मी त्या रात्रीनंतर उरले नव्हते, हे मला ठाऊक आहे. कॅमेऱ्यानं तोंड फिरवलं ते नियमापोटी. माझ्यावर कसला नियम होता?

पुढच्या चित्रपटांनी तर ही जखम पुसूनच टाकली. १९६५ च्या 'गर्ल हॅपी'त बाप मुलीवर नजर ठेवायला चक्क एल्विस प्रेस्लेला पाठवतो. मुलगी सुट्टीला गेली की पहारेकरी सोबत द्या, हा त्यावरचा उपाय! रेक्टर म्हणून मी वेगळं काय करत होते?

जाता जाता एक. मेरिटचं काम करणारी डोलोरेस हार्ट १९६३ साली ऐन बहरात सिनेमा सोडून कनेक्टिकटमधल्या मठात जोगीण झाली. त्यातून काही सिद्ध होत नाही, तिची निवड तिची. पण वर्गातला तो प्रसंग पाहताना माझ्या मनात येतंच.

आता चर्चेला बसण्याआधी दिवे पुन्हा बंद करूया. सगळा चित्रपट नको, फक्त त्या कप्तानाचं भाषण आणि लगेच मोटेलचं दार, एवढंच पाठोपाठ लावा.