चाळिशीचे शास्त्र

मराठीने वयाचे नाव चष्म्याला दिले आणि ‘चाळिशी’ रूढ झाली. वृत्तपत्र हातभर लांब धरणारा वाचक ग्रंथालयाला नवा नाही. दोष मात्र तो छपाईला देतो!

श्रोतेहो, प्रकाशकिरणांना वळविण्याचे सुमारे दोन तृतीयांश कार्य डोळ्याच्या दर्शनी भागातील पारदर्शक पारपटल करते. मग दूरच्या डोंगरावरून दृष्टी पानावरील अनुस्वारावर आली, की फेरबदल कोठे होतो? थॉमस यंग या इंग्रज वैद्याने याचा छडा लावला. पाण्याने भरलेली, पुढे भिंग बसविलेली नळी त्याने स्वतःच्याच डोळ्याला लावली. पाण्यामुळे पारपटलाचे सामर्थ्य जवळजवळ लोपले; तरी जवळ-दूर पाहण्याची क्षमता अबाधित राहिली. त्याचा हा निबंध १८०१ साली प्रसिद्ध झाला.

अर्थात बदल घडतो तो आतील नेत्रभिंगात. सभोवतीचा स्नायू आकुंचन पावला की भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात, भिंग फुगीर होते आणि जवळचे अक्षर दृष्टिपटलावर स्पष्ट उमटते. वाचन हे डोळ्याचे श्रम; दूर पाहणे ही विश्रांती.

वयोमानाने भिंगाची लवचीकता ओसरते. दहा वर्षांच्या मुलाला ७-८ सेंटिमीटरवरील अक्षर स्पष्ट दिसते. चाळिशीनंतर ते अंतर २५ सेंटिमीटरच्या पलीकडे सरकते. ही उणीव बहिर्गोल काच भरून काढते. तरीही चष्मा म्हणजे वार्धक्य, या समजुतीने कित्येक जण वाचनच सोडतात. चष्मा टाळल्याने भिंगाचे कठीण होणे थांबत नाही, आणि लावल्याने ते वाढतही नाही.