मागाहून मिळणारे स्वातंत्र्य

(यवतमाळ येथे कार्यकर्त्यांसमोर झालेले भाषण)



मार्जान सत्रापी ह्या इराणी लेखिकेने आपल्या बालपणाच्या चित्रकथेवरून व्हँसाँ पारोनो ह्यांच्यासह २००७ साली ‘पर्सेपोलिस’ हा चित्रपट केला. हाताने रेखाटलेल्या, बहुतांशी कृष्णधवल चित्रांचा हा चित्रपट. कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी इराणी वकिलातीच्या दडपणामुळे बँकॉकच्या महोत्सवातून तो वगळण्यात आला.

चित्रपटातील मुलीचा काका अनूश साम्यवादी आहे. शहाच्या तुरुंगातून १९७९ च्या क्रांतीने तो सुटतो. पुढे सारे ठीक होईल, अशी पुतणीची समजूत तो घालतो. आणि नवी राजवट त्यालाच देहदंड देते.

हे पाहून नुसते हळहळणे पुरेसे नाही. मार्च १९७९ मध्ये हिजाबच्या सक्तीविरुद्ध तेहरानच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा अनेक डाव्या संघटनांनी तो प्रश्न दुय्यम मानला. आधी साम्राज्यशाहीशी लढा, स्त्रियांचे स्वातंत्र्य मागाहून, असा तो हिशेब होता. तुदेह पक्षाने खोमेनींच्या राजवटीला पाठिंबा दिला. १९८३ साली त्याच राजवटीने त्या पक्षावर बंदी घालून त्याचे पुढारी तुरुंगात टाकले. स्त्रियांना जे नाकारले गेले, ते अखेर कोणाच्याच वाट्याला आले नाही.

हा धडा यवतमाळला परका नाही. नयनतारा सहगल ह्यांनी १९५४ साली ‘प्रिझन अँड चॉकलेट केक’ ह्या पुस्तकात आपल्या बालपणाच्या आठवणी लिहिल्या. घरी चहाच्या वेळी केक खाल्ला जात असता पोलीस वडिलांना अटक करावयास येतात, ही त्यातली आठवण. ते वडील, रणजित पंडित, मराठी कुळातले. तुरुंगवासाने प्रकृती ढासळून १९४४ साली ते वारले. मार्जान व्हिएन्नाला धाडली गेली, तशी नयनतारा अमेरिकेला. पुढे १९७५ च्या आणीबाणीला, प्रत्यक्ष मामेबहिणीची सत्ता असताही, त्यांनी विरोध केला.

ह्याच लेखिकेला जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचे निमंत्रण होते. इंग्रजीत लिहिणारी उद्घाटक नको, असा आक्षेप आला, संमेलन उधळण्याच्या धमक्या आल्या, आणि निमंत्रण मागे घेतले गेले. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते उद्घाटन झाले, हे उचितच झाले. परंतु एकीचा सन्मान केल्याने दुसरीची मुस्कटदाबी भरून निघत नाही. अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली, तेवढीच जिल्ह्याची लाज राखली गेली.

कापसाचा भाव, कर्जमुक्ती, पाणी हे प्रश्न ह्या जिल्ह्यात जीवनमरणाचे आहेत. म्हणूनच ‘भाषणस्वातंत्र्य मागाहून पाहू’ हा मोह येथे अधिक. पण ज्याचे तोंड बंद झाले तो शेतकरी भाव तरी कोणत्या तोंडाने मागणार? यापुढे कोणाचेही व्यासपीठ काढून घेतले गेले, तर कार्यकर्त्यांनी त्याच दिवशी निषेधाला उभे राहावे. पाहुणा आपल्या विचारांचा आहे की नाही, ह्याची चौकशी त्या दिवशी करू नये.